केळे दबले, लवंग आलीच नाही: गव्हाच्या बिअरच्या दोन बॅच आणि तिसरीची आखणी

बव्हेरियन पद्धतीची हेफेवाइत्सेन, म्हणजे यीस्ट न गाळलेली गव्हाची बिअर (थोडक्यात वाइत्सेन), २० लिटरची बॅच. ग्लासात ओतल्यावर रंग, गढूळपणा, फेस सगळे जागच्या जागी दिसते. नाक जवळ नेले की मात्र ताज्या कणकेचा वास येतो आणि मागे जेमतेम मसाल्याची चाहूल लागते. केळ्याचा पत्ता नाही. बिअर खराब झालेली नाही, पण या प्रकारातून केळे आणि लवंग या ज्या दोन वासांची अपेक्षा असते तेच तिच्यात नाहीत. इथे घेतलेले प्रकरण प्रातिनिधिक आहे. गव्हाची बिअर करणाऱ्या हौशी ब्रुअरांकडून या चुका एकेकट्या नेहमीच होतात. तपास सोपा जावा म्हणून त्या एकाच बॅचमध्ये एकत्र घेतल्या आहेत.

पहिली बॅच

एकूण ४.७ किलो माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य): गव्हाचे ३.३ किलो, पिल्सनर १.४ किलो, म्हणजे साधारण ७०:३०. पाणी किलोला ३ लिटर. पाण्यातच लॅक्टिक आम्ल मिसळून मॅशचा (दळलेले माल्ट आणि गरम पाणी यांच्या मिश्रणाचा) पीएच ५.३ वर आणला आणि ६७ अंशांवर तासभर एकच विश्रांती दिली, म्हणजे मॅश त्याच तापमानाला थांबवून ठेवला. सुरुवातीची घनता (पाण्याच्या तुलनेत) १.०५०. यीस्ट डब्ल्यू-६८ घराण्यातले, म्हणजे वायस्ट ३०६८ किंवा डब्ल्यूएलपी३०० या नावांनी मिळते ते. त्याचा २ लिटरचा स्टार्टर केला, म्हणजे यीस्ट आधी वेगळे वाढवून घेतले. वर्टमध्ये (मॅश गाळून मिळालेल्या गोड रसात) सच्छिद्र दगडातून एक मिनिट शुद्ध ऑक्सिजन सोडला, किटलीच्या (वर्ट उकळायच्या भांड्याच्या) तळाचा गाळही सगळा फर्मेंटरमध्ये गेला. फर्मेंटर म्हणून उंच केग वापरला आणि त्यावर पहिल्या दिवसापासून स्पंडिंग व्हॉल्व्ह (ठरलेला दाब राखणारी झडप) लावून १ बार दाब ठेवला. हे यीस्ट प्रचंड फेस करते. दाबाखाली फेस आटोक्यात राहतो आणि कार्बोनेशन फुकटात होते, असा त्यामागचा हिशेब होता. तापमान १९ अंश, अंतिम घनता १.०१३.

यातला प्रत्येक निर्णय सुटा पाहिला तर चांगल्या ब्रुअरचाच वाटतो. भरपूर निरोगी यीस्ट, भरपूर ऑक्सिजन, नेमका पीएच, दाबाखाली शांत आंबवण. लागर (थंड तापमानाला आंबवलेली, स्वच्छ वासाची बिअर) करायची असती तर यातल्या बहुतेक गोष्टींना हरकत नव्हती. गव्हाच्या बिअरच्या वासाला मात्र त्यातल्या जवळपास सगळ्याच मारक आहेत.

दुसरी बॅच

केळे नाही म्हणजे तापमान कमी पडले, असा निष्कर्ष काढून दुसऱ्या वेळी आंबवण २५ अंशांवर केली आणि व्हॉल्व्हही काढून टाकला. मॅश, यीस्टचे प्रमाण, ऑक्सिजन तसेच. या वेळी केळे आले, पण त्याच्यापुढे नेलपॉलिश रिमूव्हरसारखा झणका आणि घशाला जाणवणारी गरमी. लवंग पहिल्यासारखीच पुसट.

दोन गोष्टी एकदम बदलल्यामुळे केळे दाब काढल्याने आले की तापमान वाढवल्याने, हे या बॅचवरून ठरवता येत नाही. तरीही ती फुकट गेली असे म्हणता येणार नाही. फर्मेंटरमध्ये एवढी उलथापालथ होऊनही लवंग हलली नाही, ही तिची खरी कमाई. म्हणजे लवंगेची अडचण फर्मेंटरच्या आधी कुठेतरी आहे.

वास कशाचा, येतो कुठून

लवंगेचा वास येतो ४-व्हिनाइल ग्वायाकॉल या फिनॉलमुळे. (खऱ्या लवंगेत मुख्यतः युजेनॉल असते. दोघांची रचना जवळची असल्याने नाकाला सारखेपणा वाटतो.) हे फिनॉल फेरुलिक आम्लापासून बनते. यीस्टमधली पीएडी१ आणि एफडीसी१ ही जनुके शाबूत असतील तर यीस्ट त्या आम्लातला कार्बन डायऑक्साइड काढून टाकते आणि फिनॉल उरते. बहुतेक एल (लागरपेक्षा गरम तापमानाला आंबवलेली बिअर) आणि लागर यीस्टमध्ये ही यंत्रणा निकामी झालेली असते. गव्हाच्या बिअरच्या यीस्टमध्ये ती चालू असते. फेरुलिक आम्ल स्वतः या प्रमाणात नाकाला किंवा जिभेला कळतही नाही. ४-व्हिनाइल ग्वायाकॉल मात्र लिटरमागे ०.३ मिलिग्रॅमच्या आसपास जाणवू लागते.

केळ्याचा वास आयसोअमाइल ॲसिटेटचा, जाणवण्याची पातळी लिटरमागे साधारण १.२ मिलिग्रॅम. यीस्ट ल्युसिनपासून किंवा साखरेपासून आयसोअमाइल अल्कोहोल बनवते आणि अल्कोहोल ॲसिटाइल ट्रान्सफरेज हे एन्झाइम त्याला ॲसिटाइल-कोए या रेणूतला ॲसिटाइल गट जोडते. हे एन्झाइम तयार करणारे मुख्य जनुक एटीएफ१. ते किती जोरात चालते यावर केळे ठरते. तेच एन्झाइम इथेनॉललाही ॲसिटाइल जोडते, आणि त्यातून दुसऱ्या बॅचमधला झणका, म्हणजे इथाइल ॲसिटेट तयार होते. त्यामुळे केळ्याच्या मागे सरसकट धावले की झणकाही सोबत येतो.

लवंगेचा कच्चा माल मॅशमध्ये सुटतो आणि केळ्याचा कारभार बहुतांशी फर्मेंटरमध्ये चालतो. ही विभागणी शंभर टक्के पक्की नाही, पुढे ग्लुकोजच्या मुद्द्यावर ती मोडेल. पण तपासाची सुरुवात करायला ती पुरेशी आहे.

मॅशचा तपास

फेरुलिक आम्ल दाण्यात मोकळे फार थोडे असते. बहुतेक सगळे पेशीभित्तिकेतल्या अरॅबिनोझायलन या तंतूला एस्टर बंधाने चिकटलेले असते. ते सोडवणारे एन्झाइम, फेरुलॉइल एस्टरेज, ४५ अंशांच्या आसपास उत्तम काम करते आणि ६५ च्या पुढे झपाट्याने निकामी होते. पहिल्या बॅचमध्ये माल्ट थेट ६७ अंशांच्या मॅशमध्ये पडले, एन्झाइमला मिनिटे मिळाली नाहीत. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? यीस्ट कितीही लवंगाळ असले तरी वर्टमध्ये जेवढे मोकळे फेरुलिक आम्ल आहे, तेवढ्यावरच त्याचा खेळ.

दुसरा अडथळा पीएचचा. या एन्झाइमला ५.७ ते ५.८ किंवा किंचित वर पीएच मानवतो. पिष्टाचे साखरेत रूपांतर करणाऱ्या एन्झाइमांसाठी मात्र आपण ५.३ ते ५.५ धरतो. आम्ल पहिल्याच पाण्यात टाकले की ४५ अंशांची विश्रांती दिली तरी तिचा पुरता लाभ मिळत नाही. उपाय सोपा: आम्ल उशिरा टाकायचे. पिल्सनर आणि गव्हाच्या माल्टचा मॅश मऊ पाण्यात आपोआप ५.७ ते ५.८ च्या आसपास बसतो. विश्रांती संपल्यावर मग लॅक्टिक आम्ल घालून तो खाली आणायचा.

तिसरा मुद्दा अनेकांना उलटा वाटतो. गव्हाचे माल्ट वाढवले की गव्हाच्या बिअरचा वास वाढेल अशी समजूत असते. प्रत्यक्षात मॅशमध्ये मोकळे होणारे फेरुलिक आम्ल बार्लीच्या माल्टमधून जास्त येते, गव्हाच्या माल्टमधून कमी. ७० टक्के गव्हाने फेस, गढूळपणा आणि तोंडाला जाणवणारा मऊपणा मिळतो, लवंग मात्र पातळ होते. जर्मन नियमानुसार वाइत्सेनमध्ये किमान ५० टक्के गव्हाचे माल्ट हवे. लवंग हवी असेल तर ५० ते ५५ च्या दरम्यान राहणे शहाणपणाचे, आणि मॅश गाळतानाही त्याचा फायदा होतो, कारण गव्हाला टरफल नसते आणि गाळणीचा थर बार्लीच्या टरफलांवरच उभा राहतो.

विश्रांती किती द्यायची? १५ ते २० मिनिटे. पहिल्या काही मिनिटांत मिळते ते सर्वात जास्त. त्यापुढे वाढ मंदावते आणि लांबवत नेली तर प्रथिने तुटण्याचे काम वाढून फेसावर परिणाम होऊ शकतो. अधूनमधून ढवळणे फायद्याचे. ५२ अंशांची जुनी प्रथिन-विश्रांती आजच्या चांगल्या मुरलेल्या माल्टला फारशी लागत नाही. गाळण फारच कुरकुरत असेल तर ५ ते १० मिनिटे द्यावी, त्याहून जास्त नको.

फर्मेंटरचा तपास

इथे आरोपी बरेच आहेत आणि सगळे सारख्या वजनाचे नाहीत.

सर्वात मोठा दोषी १ बारचा दाब. दाबाखाली विरघळलेला कार्बन डायऑक्साइड वाढतो, यीस्टची वाढ मंदावते, उच्च अल्कोहोल (आयसोअमाइलसारखी, इथेनॉलपेक्षा मोठ्या रेणूंची) आणि ॲसिटाइल-कोए दोन्ही कमी पडतात, एस्टर (आयसोअमाइल ॲसिटेटसारखी वासाची संयुगे) घटतात. लागर गरम तापमानाला झटपट आंबवतानाही ती स्वच्छ राहावी म्हणून दाब मुद्दाम याचसाठी वापरतात. वाइत्सेनमध्ये तो अगदी उलट दिशेने नेतो. बव्हेरियातल्या केलहाइमच्या श्नायडर ब्रुअरीसारख्या ठिकाणी उघड्या टाक्यांत आंबवण करण्याची परंपरा टिकून आहे, तिच्यामागे यीस्ट वरून काढण्याची सोय आहेच, पण वासाचा हिशेबही आहे.

‘उंच भांड्यात एस्टर कमी होतात’ हे वाक्य मात्र घरगुती बॅचला जसेच्या तसे लावू नये. ५ मीटर उंच टाकीत तळाला द्रवाचाच अर्धा बार दाब पडतो, तिथे आकाराला अर्थ आहे. ६० सेंटिमीटरच्या केगमध्ये तो ०.०६ बार भरतो. या प्रकरणात केगची उंची निर्दोष आहे, व्हॉल्व्ह दोषी आहे.

त्यानंतर ऑक्सिजन आणि गाळ, दोघांना एकत्र पाहावे. ऑक्सिजन मिळाला की यीस्ट त्यातून स्टेरॉल आणि असंतृप्त मेदाम्ले बनवते. किटलीच्या गाळात ही मेदाम्ले तयारच मिळतात. ऑक्सिजन आणि असंतृप्त मेदाम्ले दोन्ही एटीएफ१ जनुकाला दाबतात. हवा खेळवून वर्टमध्ये जास्तीत जास्त ८ ते ९ मिलिग्रॅम प्रतिलिटर ऑक्सिजन मावतो. शुद्ध ऑक्सिजनने हा आकडा सहज ओलांडला जातो. १.०५० च्या वाइत्सेनला ४ ते ५ पुरतो. वर्ट एका बादलीतून दुसरीत तीन-चार वेळा फेस येईपर्यंत उंचावरून ओतले की काम भागते. गाळ तळाशी बसू द्यावा, वरचे साफ वर्ट घ्यावे.

यीस्टचे प्रमाण हा वादाचा मुद्दा. एलसाठी ठरलेला आकडा मिलिलिटरमागे दर प्लेटो अंशाला (वर्टमध्ये विरघळलेल्या अर्काची टक्केवारी) ०.७५ दशलक्ष पेशी. १२.४ प्लेटोच्या २० लिटर वर्टला त्या हिशेबाने सुमारे १८५ अब्ज पेशी होतात. २ लिटरच्या स्टार्टरने हा आकडा बराच ओलांडला होता. पेशी आधीच भरपूर असल्या की नवी वाढ कमी होते आणि वाढीबरोबर येणारा वासही. म्हणून वाइत्सेनला ५ ते ७ दशलक्ष प्रतिमिलिलिटर असे थोडे कमी यीस्ट टाकतात. पण पेशी कमी केल्या की केळे वाढणारच, अशी हमी कोणी देऊ नये. वेगवेगळ्या यीस्टचे आणि वर्टचे अनुभव एकमेकांशी जुळत नाहीत. दाब आणि ऑक्सिजन नीट केल्यावर उरलेली कमी-जास्त या उपायाने भरून काढावी. ५ दशलक्षाच्या खाली गेले तर गंधकाचा वास, उशिरा सुरू होणारी आंबवण आणि उच्च अल्कोहोलची गरमी हे तिन्ही धोके वाढतात.

शेवटी तापमान. १७ अंशांच्या आसपास राहिल्यास तोल लवंगेकडे, २१-२२ ला केळ्याकडे झुकतो. २४ च्या पुढे केळ्यापेक्षा इथाइल ॲसिटेट आणि उच्च अल्कोहोल वेगाने वाढताना दिसतात, दुसऱ्या बॅचमध्ये हेच झाले. शिवाय तापमान मोजले कुठे, हाही प्रश्न आहे. जोमात आलेली आंबवण खोलीपेक्षा २ ते ४ अंश गरम असते. ‘२५ अंशांवर ठेवली’ याचा अर्थ खोलीचे २५ असा असेल तर बिअर २८ ला होती. थर्मामीटरची नळी द्रवात बुडालेली हवी किंवा भांड्याच्या अंगाला चिकटवून वरून जाड फोम लावलेला हवा.

जर्मन घरगुती ब्रुअरांमध्ये एक जुना ठोकताळा आहे: यीस्ट टाकतानाचे आणि आंबवणीचे तापमान मिळून ३० अंश. १२ वर टाका, १८ वर आंबवा. लवंगेकडे झुकलेल्या बिअरसाठी तो चांगला आहे, केळ्याची तक्रार घेऊन आलेल्यासाठी नाही.

शंका उरलीच तर एक स्वस्त चाचणी करून घ्यावी. १० लिटरचे दोन वर्ट करायचे, एक ६७ अंशांच्या एकाच विश्रांतीचे, दुसरे ४५ अंशांपासून पायरीपायरीने नेलेले. माल्ट आणि घनता सारखी. प्रत्येकाचे ५-५ लिटरचे दोन भाग करून एक १७ आणि एक २१ अंशांवर आंबवायचा. दाब कुठेच नाही. चारही ग्लास शेजारी ठेवले की लवंगेचा फरक मुख्यतः मॅशच्या जोड्यांमध्ये आणि केळ्याचा फरक तापमानाच्या जोड्यांमध्ये दिसला पाहिजे. चारही ग्लासांत लवंग शून्य असेल तर यीस्ट चुकीचे आहे. आणि ‘लवंग’ म्हणून जे जाणवते ते प्लास्टिक किंवा दवाखान्याच्या पट्टीसारखे असेल तर तो पाण्यातल्या क्लोरीनचा परिणाम. ४० लिटर पाण्याला पाव ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट घातले की तो प्रश्न मिटतो.

तिसरी बॅच

या ब्रुअरकडे मॅशसाठी इन्सुलेटेड कूलर आहे, खालून आच देता येत नाही. त्यामुळे पायऱ्या उकळत्या पाण्याने चढाव्या लागतात, आणि त्यासाठी सुरुवात घट्ट मॅशने करणे भाग आहे. कूलर किमान ३० लिटरचा हवा.

माल्ट: गव्हाचे २.६ किलो, पिल्सनर १.९ किलो, म्युनिक ०.२ किलो. गव्हाचा दाणा लहान आणि कडक, म्हणून तो वेगळा, चक्कीतली फट ०.९ ते १ मिलिमीटर ठेवून दळावा. बार्लीच्या फटीवर दळला तर अर्धे दाणे अखंड सुटतात. गाळणीसाठी भाताचे धुतलेले तूस २०० ग्रॅम.

माल्ट २० अंशांचे धरले तर ९.४ लिटर पाणी ५० अंशांवर घेऊन त्यात माल्ट मिसळले की मॅश ४५ ला बसतो. कूलर आधी गरम पाण्याने तापवून घ्यावा, नाहीतर २ अंश तोच गिळतो. २० मिनिटे, दर ५ मिनिटांनी ढवळत. आम्ल अजून नाही. विश्रांती संपताना ८० टक्क्यांचे लॅक्टिक आम्ल ४ ते ५ मिलिलिटर, दोन हप्त्यांत, पीएच मीटर पाहत, ५.४ ते ५.५ पर्यंत.

मग उकळते पाणी. हिशेबाने ५.५ लिटर लागते, भांड्यातून निसटणारी उष्णता धरून ६ तयार ठेवावे. बारीक धारेने ओतत, सतत ढवळत ६३ अंश गाठावे. शेवटचे अर्धा लिटर तापमान पाहूनच. ६३ वर ३५ मिनिटे. पुन्हा साधारण ५.५ लिटर उकळते पाणी आणि ७२ अंश, २० मिनिटे. आयोडिनचा थेंब निळा-काळा होईनासा झाला की पिष्ट संपले. मॅश आता किलोला सव्वाचार लिटरहून पातळ झालेला असतो, त्याची काळजी नको. पहिले वर्ट दोन-तीन लिटर परत वर ओतून साफ निघू लागल्यावर उतरवावे, ७८ अंशांच्या ९ ते १० लिटर पाण्याने धुऊन किटलीत २५-२६ लिटर गोळा करावे. गाळणी अडली तर नळ बंद करून वरचा थर सुरीने चिरावा; नळ पूर्ण उघडून जोर लावला की थर आणखी घट्ट बसतो.

६० मिनिटे उकळी. ४ टक्के अल्फा आम्लाचे (कडवटपणा देणारा घटक) हालरटाउ जातीचे हॉप्स २८ ग्रॅम, उकळीच्या सुरुवातीलाच. कडवटपणा सुमारे १२ आयबीयू (बिअरच्या कडवटपणाचे एकक). उशिरा हॉप्स टाकू नयेत, ते याच वासांच्या अंगावर येतात.

वर्ट १६ अंशांपर्यंत थंड करून गाळ बसू द्यावा आणि २० लिटर साफ वर्ट ३० लिटरच्या रुंद बादलीत घ्यावे. वरची १० लिटरची मोकळी जागा फेसाला लागतेच. साधारण १०० अब्ज पेशींचे एक ताजे द्रव पाकीट, स्टार्टरशिवाय, म्हणजे ५ दशलक्ष प्रतिमिलिलिटर. पाकीट तीन महिने जुने असेल तर जिवंत पेशी निम्म्याच्या आसपास उरलेल्या असू शकतात, मग अर्धा लिटरचा स्टार्टर करावा. सुके यीस्ट घ्यायचे असेल तर जात पाहून घ्यावी. डब्ल्यूबी-०६ हे डायास्टॅटिकस प्रकारचे आहे. ते डेक्स्ट्रिनही खाते, घनता बरीच खाली नेते आणि बिअर डब्ल्यू-६८ च्या मानाने हलकी, कोरडी होते.

पहिले २४ तास बिअर १७ अंशांवर. मग थंडावा काढून घ्यावा आणि ४८ तासांपर्यंत तिला स्वतःच्या उष्णतेने २०-२१ ला जाऊ द्यावे, पुढे तिथेच. झाकण सैल, दाब शून्य. जोम ओसरू लागला की झाकण लावून एअरलॉक. फेसावर येणारा तपकिरी चिकट थर निर्जंतुक चमच्याने काढावा, तो कडवट असतो. सहाव्या-सातव्या दिवसापर्यंत घनता १.०१२ च्या आसपास यावी. तेव्हा गंधकाचा वास येत असेल तर घाबरू नये, या यीस्टचा तो स्वभाव आहे. आणखी चार-पाच दिवसांत तो उडून जातो, दाब नसल्यामुळे लवकर जातो.

या आखणीतून लवंग स्पष्ट पुढे येते आणि तिच्या खांद्याला लागून केळे असते, झणका नसतो. लवंग जास्तच वाटली तर पुढच्या वेळी ४५ ची विश्रांती १० मिनिटांवर आणावी. तापमान वाढवून लवंग झाकण्याचा मोह टाळावा, नाहीतर दुसरी बॅच पुन्हा समोर येईल.

केळे आणखी हवे असेल तर

आता मघाशी केलेली विभागणी मोडते, कारण केळे वाढवण्याचा एक मोठा मार्ग मॅशमध्येच आहे: ग्लुकोज. नेहमीच्या वर्टमध्ये आंबणाऱ्या साखरेत माल्टोजचा (दोन ग्लुकोज जोडून बनलेल्या साखरेचा) वाटा मोठा आणि ग्लुकोजचा दहा टक्क्यांच्या आसपास असतो. ग्लुकोजचे प्रमाण वाढवले की याच यीस्टकडून आयसोअमाइल ॲसिटेट लक्षणीय जास्त मिळते. ते मॅशमध्ये वाढवण्याची पद्धत बव्हेरियातल्या वाइनश्टेफान या ब्रुइंगच्या अभ्यासकेंद्राच्या मार्कुस हेरमान यांच्या नावाने ओळखली जाते. माल्टेज हे एन्झाइम माल्टोज तोडून ग्लुकोज बनवते, पण ते ४५ अंशांच्या वर टिकत नाही, आणि त्या तापमानाला मॅशमध्ये तोडायला माल्टोज अजून तयार झालेले नसते. म्हणून मॅश दोन भागांत करायचा.

आपल्या ४.७ किलोपैकी २.८ किलो माल्ट ८.५ लिटर पाण्यात ६३ अंशांवर ४० मिनिटे ठेवून माल्टोज तयार करावे. उरलेले १.९ किलो माल्ट १९ अंशांच्या ६ लिटर पाण्यात भिजवून त्यात ओतावे; एकत्र मॅश ४५ अंशांवर येतो. थंड भागातले माल्टेज अजून जिवंत असते आणि समोर माल्टोज तयार असते. इथे ४५ मिनिटे, पीएच खाली न आणता. फेरुलिक आम्लाची विश्रांतीही दुसऱ्या भागापुरती यातच होऊन जाते. मग आम्ल, ६३, ७२ आणि गाळण.

कूलरवाल्याची अडचण इथे येते. ४५ वरून ७२ पर्यंत फक्त उकळत्या पाण्याने जायचे तर जवळपास १६ लिटर पाणी लागेल आणि मॅशचे सूप होईल. खालून आच देता येणारे भांडे हवे, किंवा मॅशचा घट्ट भाग बाहेर काढून, उकळून परत मिसळण्याची डिकॉक्शन पद्धत हवी. आच देताना मिनिटाला एक अंश, तळ खरवडत ढवळणे. गव्हाचा मॅश पटकन तळाला लागतो.

जर्मन शुद्धता नियम (फक्त माल्ट, हॉप्स, पाणी आणि यीस्ट) पाळायचा नसेल तर आडवाट आहे: पिल्सनर माल्ट ४०० ग्रॅमने कमी करून उकळीत २५० ग्रॅम डेक्स्ट्रोज, म्हणजे ग्लुकोजच. एकूण अर्काच्या सुमारे ९ टक्के होते. केळे वाढते, बिअर किंचित हलकी होते, लवंग थोडी उतरते कारण बार्ली कमी झाली. माल्टेजच्या विश्रांतीइतका परिणाम यातून मिळत नाही, पण एका दुपारचे काम वाचते. प्रमाण दुप्पट-तिप्पट करू नये. ग्लुकोज फार झाले की यीस्ट माल्टोजकडे वळायला कुरकुर करते आणि आंबवण शेवटी रेंगाळते.

बाटलीत

घनता दोन दिवस स्थिर राहिल्याशिवाय बाटली भरू नये. २० लिटरला २२० ग्रॅम साखर पाण्यात उकळून घातली तर कार्बोनेशन ३.६ आकारमानांपर्यंत (लिटरभर बिअरमध्ये ३.६ लिटर कार्बन डायऑक्साइड) जाते, आणि २० अंशांवर बाटलीत ३ बारच्या आसपास दाब होतो. जाड काचेच्या, परत वापरता येणाऱ्या बाटल्याच घ्याव्यात. पातळ एकवेळच्या बाटल्या फुटतात. दोन आठवडे २० अंशांवर, मग थंड.

पुढे वास टिकत नाही. आयसोअमाइल ॲसिटेट यीस्टच्या एस्टरेजमुळे आणि आपोआपही तुटत जाते, ४-व्हिनाइल ग्वायाकॉलही घटते, आणि जुनी बाटली गोडसर व्हॅनिलाकडे झुकते. उबदार कपाटात हे झपाट्याने होते, ४ अंशांवर सावकाश. बॅचची पारख तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात करावी. त्यानंतर ‘केळे कमी आहे’ असे वाटले तर मॅशला किंवा यीस्टला दोष देण्याआधी बाटलीवरची तारीख वाचावी.